पंपावरचा नारळ

विक्रांतचा सत्कार झाला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून मी त्या वाजवल्या नसतील अशी शंका कुणालाही येईल. वाजवल्या. शेजारच्या बाईंपेक्षा जरा जास्तच वेळ वाजवल्या. हेवा वाटत असला की माणूस टाळ्या जोरात वाजवतो, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

गेल्या वर्षीचा गणेशोत्सव. आमच्या मंडळाने सनीव्हेलमधल्या एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं होतं. व्यासपीठावर समई, मागच्या पडद्यावर विक्रांतचा भिंतभर फोटो: मांडीपर्यंत बूट, हातात बादली, नजर लांब कुठेतरी. निवेदिकेने सांगितलं की या माणसाने चिप डिझाइनची उत्तम नोकरी पन्नाशीच्या आत सोडली, स्वतःला कॅलिफोर्नियातल्या ओढ्यांना वाहून घेतलं आणि शेकडो मुक्या जीवांना स्वतःच्या हातांनी जीवदान दिलं. मासे मुके असतात हे बरोबर आहे. बाकी वाक्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. फोटोतली ती बादली रिकामी होती. मला खात्री आहे, कारण बादली माझी होती आणि तिला तळाशी चीर गेलेली होती.

मग शाल, श्रीफळ आणि काचेचं सन्मानचिन्ह झालं. सन्मानचिन्हावर डॉल्फिन कोरलेला होता. डॉल्फिन मासा नसतो आणि ओढ्यात तर नसतोच, पण समितीतल्या कुणीतरी तो प्रेमाने निवडला असणार. उत्तरादाखल बोलताना विक्रांत म्हणाला, ‘‘मला जे काही येतं ते ताईंनी शिकवलं.’’ सभागृहातल्या लोकांनी माना वळवून त्याची थोरली बहीण कुठे बसली आहे ते शोधलं. मीही शोधलं.

मी त्या ताई. इथल्या एका पाणीखात्यात जवळपास तीस वर्षं मी माशांची जीवशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. मंडळात मात्र माझी ओळख ‘माशांचं काहीतरी करतात त्या काकू’ अशी होती. दर आठवड्याला कुणाचा तरी फोन यायचा की काकू, ताजं पापलेट कुठे मिळेल. सुरुवातीला मी समजावून सांगायचे की माझा संबंध जिवंत माशांशी आहे. नंतर नंतर दुकानाचा पत्ता देऊ लागले. त्यात वेळ कमी जायचा आणि लोक आभारही मानायचे.

कामाचं स्वरूप एवढंच. इथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि वसंतात संपतो. मग सहा-सात महिने आभाळातून थेंब नाही. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी पावसाची आशा तरी असते. इथे उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच पाऊस घर आवरून निघून गेलेला असतो. जूननंतर डोंगरातले ओढे वाहायचे थांबतात. पाणी खडकांखाली शिरतं आणि वर उरते ती डोहांची तुटक माळ. त्या डोहांत स्टीलहेड नावाच्या माशाची पिल्लं अडकून असतात. हा मासा जन्मतो ओढ्यात, मोठा होतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा त्याच ओढ्यात येतो. पण समुद्राकडे जाण्याआधी पिल्लांना एक-दोन उन्हाळे या डोहांत काढावे लागतात. पाणी गार हवं, वर झाडांची सावली हवी, बगळ्यापासून लपायला पडलेलं खोड हवं आणि मुख्य म्हणजे पहिल्या पावसापर्यंत डोह टिकायला हवा.

तो टिकवणं हे माझं काम. काही न घडू देणं, असंही म्हणता येईल. माझं ज्या वर्षी उत्तम चाललं त्या वर्षी जूनमध्ये डोह होता आणि नोव्हेंबरमध्येही डोह होता. याचा फोटो काढून कुणाला दाखवणार? उलट काम फसलं, डोह आटायला आला, की माणसं बादल्या घेऊन धावतात, पिल्लं जाळीत पकडतात, दुसरीकडे नेऊन सोडतात. त्यातली बरीच हाताळण्याने मरतात, उरलेली नव्या जागी मोठ्या माशांच्या पोटात जातात. पण हे दृश्य दिसतं फार सुंदर. बादलीचं तसं आहे. टिकलेल्या डोहाशेजारी उभं राहून आजवर कुणाला शाल मिळालेली नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. आपल्यातलेच एक गृहस्थ, डोंगरउतारावर नवं घर घेतलेलं, मागून ओढा. वास्तुशांतीला मला अगत्याने बोलावलं आणि जेवणाआधी मागे नेऊन दाखवलं: ‘‘बघा मॅडम, आल्या आल्या सगळा कचरा काढून टाकला.’’ काठावरची झाडं देखाव्याच्या आड येत होती म्हणून छाटली होती. पाण्यातलं जुनं खोड मशीन लावून ओढून काढलं होतं. ओढा दिवाणखान्यासारखा स्वच्छ झाला होता आणि त्यात राहायला आता दिवाणखान्याइतकीच जागा माशांना उरली होती. मी शिऱ्याचा प्रसाद खाल्ला आणि दुसऱ्या आठवड्यात खात्याच्या गाडीतून एक नवं खोड घेऊन गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मला अजून आठवतात. त्यांना वाटलं, मी आहेर परत करते आहे.

पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे रे.

रे हा जर्दाळूचा बागाईतदार. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं कमी, डोक्यावर कायम तीच टोपी. त्याच्या जमिनीत आमच्या भागातला सगळ्यात चांगला डोह होता: खोल, गार, वर अल्डर झाडांचं छत. आणि डोहाच्या काठी काँक्रीटच्या चौथऱ्यावर रेचा पंप. आजोबांच्या काळापासून त्या पाण्यावर त्यांचा कायदेशीर हक्क होता, आणि रे तो वापरायचा. फाटक उघडतानाच पंप ऐकू यायचा, डोंगराच्या पोटात कुणी कांडत बसल्यासारखा. तो आवाज मला इतका पाठ झाला होता की पंपाचा पट्टा सैल झाला तर रेच्या आधी मला कळे.

त्याला मी एकच गोष्ट बारा-पंधरा वर्षं सांगत होते. पाणी हिवाळ्यात घे, तेव्हा ओढा दुथडी असतो. टाक्या आम्ही बसवून देतो, त्या भरून ठेव. उन्हाळ्यात डोहाला हात लावू नकोस. रे ऐकून घ्यायचा, कॉफी द्यायचा, विचार करतो म्हणायचा. मी आलेख न्यायचे, तो चष्मा लावून बघायचा. करारनामा लिहून तयार होता, माझ्या खणात पिवळा पडत होता. रे वाईट नव्हता. त्याच्याकडे त्याची झाडं होती आणि माझ्याकडे आलेख होते.

विक्रांत आला तो स्वयंसेवक म्हणून. कामाला चांगला. थंड पाण्यात पोटावर पडून, तोंडात नळी धरून पिल्लं मोजायचं काम मी त्याला शिकवलं. ते त्याला महिन्याभरात जमलं, मला दोन हंगाम लागले होते. त्याच्या अंगावरचा रबरी पोशाख माझ्या गाडीपेक्षा नवा होता. लोकांशी तो इतक्या सहज बोले की दोन वाक्यांत समोरचा माणूस त्याला जेवायला बोलवायचा. हे सगळं मी हसतमुखाने पाहत होते. घरी येऊन भांडी मात्र जरा आपटून लावत होते.

मग एक वर्ष फारच कोरडं आलं. गणपती संपले तोवर रेचा डोह निम्म्यावर आला होता. पाणी काठापासून सुटून मध्यभागी जमा झालं होतं आणि पिल्लं एका खोडाखाली दाटीने उभी होती. आमच्या साहेबांनी निर्णय माझ्यावर सोपवला. पकडून हलवायची, की ठेवायची?

विक्रांतचं मत स्पष्ट होतं. ‘‘ताई, शनिवारी माणसं तयार आहेत, बादल्या आहेत, टीव्हीवाले पण येतायत. अजून थांबलो तर सगळं हातचं जाईल.’’

मी म्हटलं, ‘‘हलवून नेणार कुठे?’’

खाली धरणाच्या पाण्यात सोडू, तो म्हणाला. ते पाणी कोमट होतं आणि तिथले बास मासे अशा पिल्लांची वाटच बघत असतात. हे त्यालाही माहीत होतं. ‘‘पण काहीच न करण्यापेक्षा बरं ना?’’

काहीच न करणं हा माझा तीस वर्षांचा पेशा होता, त्यामुळे ते वाक्य मला लागलं. मी शनिवारपर्यंत मुदत मागून रेकडे गेले आणि पाऊस पडेपर्यंत पंप बंद ठेव म्हणून विनवलं. रे म्हणाला की त्याने वसंतात नवी रोपं लावली आहेत, आत्ता पाणी तोडलं तर ती जातील आणि पुन्हा लावायचं त्याचं वय नाही. तो खोटं बोलत नव्हता. मी कॉफी न पिता परत आले.

शनिवारी सकाळी विक्रांत बादल्या, स्वयंसेवक आणि आई यांना घेऊन आला. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. शाळेत पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि ते पद त्यांनी अजून सोडलेलं नव्हतं. घाटातल्या वळणांनी त्यांना मळमळत होतं. लेक ज्या नदीसाठी नोकरी सोडून बसला ती नदी बघायची, तिची ओटी भरायची, असं त्या घरून ठरवून आल्या होत्या. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. गाडीतून उतरल्या आणि समोर पाहिलं तर पांढरे दगडगोटे आणि लांबवर एक डबकं.

‘‘हीच का रे ती?’’ त्यांनी लेकाला विचारलं. मग शेजारी टोपी घालून उभा असलेला माणूस राखणदार असावा अशा समजुतीने रेकडे वळून मराठीत म्हणाल्या, ‘‘अहो, पाणी कुठे नेलंत?’’

रेने विक्रांतकडे पाहिलं. विक्रांतने भाषांतर केलं की ही माझी आई, ती विचारतेय नदी कुठे गेली. मागे पंप कांडत होता. ‘‘सांग तिला,’’ रे म्हणाला, ‘‘थोडी माझ्या झाडांत गेली.’’

‘‘मग उरलेली तरी राहू द्या म्हणावं,’’ काकू, म्हणजे विक्रांतच्या आई, म्हणाल्या आणि डोहाकडे चालू लागल्या. रेने पुढे होऊन त्यांना हात दिला. दगडांवरून चालताना त्यांना नीट ऐकू यावं म्हणून की काय, जाता जाता त्याने पंप बंद केला.

काठावर त्यांनी पिशवी उघडली आणि मी घाईने पुढे झाले. साचलेल्या, आटलेल्या पाण्यात तांदूळ पडले तर कुजतात आणि पाण्यातला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. मी म्हटलं, ‘‘काकू, पाण्यात नका सोडू. माशांना श्वास घेता येणार नाही.’’

त्यांनी मला वर्गाबाहेर उभं करायच्या नजरेने पाहिलं. ‘‘तू कुठली?’’

‘‘कोल्हापूरची.’’

‘‘आणि नदीची ओटी भरू नको म्हणतेस?’’

‘‘भरा की. फक्त पाण्यात नको. बाहेर कुठेही ठेवा.’’

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे गोटे आणि काटेरी झुडपं. सपाट, स्वच्छ, जरा उंच अशी एकच जागा होती. त्यांनी रेच्या पंपावर खण अंथरला, त्यावर तांदूळ, मधोमध नारळ, त्याला हळदकुंकू. मग डोहाकडे तोंड करून हात जोडले. रेने टोपी काढली.

टीव्हीवाल्या मुलीला बादल्या हव्या होत्या, म्हणून तिने विक्रांतला माझी बादली हातात देऊन उभं केलं आणि फोटो काढला. पिल्लं अजून कुणी पकडलीच नव्हती. पुढे सभागृहाच्या पडद्यावर आला तो हाच.

तासाभराने रे माझ्याजवळ आला. माझ्या पीएच.डी.मुळे तो मला डॉक्टर म्हणायचा. खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘डॉक्टर, हे हलवलं तर चालेल का?’’

शास्त्रीय उत्तर ‘हो’ असं होतं. धार्मिक उत्तरही बहुतेक ‘हो’ असंच असावं. मी विक्रांतकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही डोहाकडे पाहू लागलो. इतक्या वर्षांत मी रेला पुरवलेल्या माहितीत सगळ्यात उपयोगी पडलं ते न दिलेलं हे उत्तर. शेवटी त्यानेच विक्रांतला विचारलं की हे किती दिवस असं ठेवायचं असतं. विक्रांतने आईला विचारलं.

‘‘नदी आली की तिची ती घेऊन जाईल,’’ काकू म्हणाल्या. त्यांना परत जाऊन पडायचं होतं. त्यांची मळमळ थांबली नव्हती.

रे म्हणाला, ‘‘आणि माझी झाडं?’’

मी म्हटलं, ‘‘झाडांचं मी बघते.’’

हे शेवटचं वाक्य कुठल्याही सत्कारात आलेलं नाही, म्हणून इथे नोंदवते. झाडांसाठी मी टँकर आणला. टँकर हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, पण अमेरिकेतल्या सरकारी खात्याला लागतो. खाजगी बागेला सरकारी टँकर का, याची कारणं मी चार कचेऱ्यांत चार प्रकारे सांगितली. चौथ्या कचेरीतला माणूस म्हणाला, असं पूर्वी कधी झालेलं नाही. मी म्हटलं, पंपावर नारळही पूर्वी कधी ठेवलेला नाही. त्याने शिक्का मारला.

बादल्या शनिवारी रिकाम्याच परत गेल्या होत्या. सोमवारी रेचा फोन आला. ‘‘डॉक्टर, डोह वर आलाय. अल्डरच्या मुळापर्यंत पाणी आहे.’’

‘‘खडकाखालून येतं ते. उपसा थांबला की भरतं.’’

‘‘हे तू मला सांगितलं होतंस.’’

‘‘दरवर्षी. आलेख काढून.’’

‘‘आलेख आठवतात मला,’’ रे म्हणाला. ‘‘त्यात पाणी दिसत नव्हतं.’’

इतक्या वर्षांत उन्हाळ्यात पंप बंद असलेला डोह त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्याला दोन दिवस काठावर बसवून तो दाखवावा, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी पुढच्या भेटीला रंगीत आलेख न्यायचा विचार करत होते.

पिल्लं राहिली. सगळी नाही. बगळ्याने काही नेली, त्याला परवाना लागत नाही. पण दाटीने उभा असलेला तो घोळका डोहभर पसरला. रे रोज संध्याकाळी जाऊन बघायचा आणि मला फोनवर बातम्या द्यायचा, जणू मासे त्यानेच शोधून काढले होते. पहिल्या मोठ्या पावसात ओढा आला आणि नारळ घेऊन गेला. वसंतात रेने करारावर सही केली. मी खणातून काढला, तारीख बदलली, बाकी एक शब्द बदलावा लागला नाही. सही करतानाच्या फोटोत रे आहे, विक्रांत आहे आणि विक्रांतच्या हातातल्या फोनमध्ये साताऱ्याहून काकू आहेत. मी नाही, कारण फोटो मी काढला.

विक्रांतचा हेवा वाटला हे मी पहिल्या परिच्छेदापासून सांगते आहे. त्याहून जास्त हेवा मला, त्याला आईला ओढ्यावर घेऊन यावंसं वाटलं, याचा वाटतो. माझी आई एकदा आली होती. मी तिला लाल पूल दाखवला, सेल लागलेली दुकानं दाखवली. कोरड्या ओढ्यात तिला काय दाखवायचं, असा विचार केला. तीही बॅगेत खण-नारळ घेऊन आली होती. विमानतळावर तो नारळ अडवला, एवढंच त्या वेळी मोठं प्रकरण वाटलं होतं. ऑफिसात लोकांनी मला गंभीरपणे घ्यावं म्हणून मी कुंकवापासून कोल्हापुरी हेलापर्यंत सगळं घरी ठेवून जात असे. विक्रांतने काहीच घरी ठेवलं नाही. म्हणून त्याच्याकडे वेळेला सगळं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. किल्ल्या, बूट, गाडी आणि रेच्या फाटकाच्या कुलपाचा आकडा, सगळं परत केलं. फाटकाचा आकडा नियमाप्रमाणे बदलला आणि नवा विक्रांतला मिळाला, कारण आता तो डोह त्याची संस्था सांभाळते. सत्काराच्या दिवशी श्रीफळ त्याने माझ्या हातात दिलं आणि ‘ताई, हे तुमचं’ म्हणाला. मी घरी आणून खवलं. शाल त्याने दिली नाही आणि मी मागितली नाही.

त्यानंतरच्या पहिल्या पावसाची गोष्ट. सकाळी खिडकीतून रस्त्यावरचं पाणी बघत मी चहा पीत होते. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या सकाळी मी ओढ्यावर नव्हते आणि कुणीतरी दुसरं असणार, या विचाराने चहा कडू लागत होता. तेवढ्यात विक्रांतचा व्हिडिओ आला. खाली नेहमीची अंगठ्यांची आणि फुलांची चित्रं नव्हती. एवढंच लिहिलं होतं, ‘ताई, आवाज मोठा करून बघा.’

मला वाटलं, आता हा निवेदन करणार. मी आवाज मोठा केला. पांढऱ्या गोट्यांवरून पाण्याची एक जीभ, पुढे पानं आणि काटक्या ढकलत, चाचपडत येत होती. ती डोहाच्या काठाशी आली, थबकली आणि आत उतरली. अल्डरचं मूळ दिसलं, खोड दिसलं, त्याखालून दोन-तीन सावल्या सटकन सरकल्या. कोपऱ्यात काँक्रीटचा रिकामा चौथरा होता. विक्रांत एक शब्द बोलला नाही. पाणी वाजत होतं, पानांवरून थेंब पडत होते आणि मागे, डोंगराच्या पोटात, जिथे इतकी वर्षं तो कांडल्यासारखा आवाज असायचा, तिथे काही नव्हतं.

मी तो व्हिडिओ चहा गार होईपर्यंत पुन्हा पुन्हा लावला. मी केलेलं काम त्यात होतं. दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. ते तिथे आहे हे जगात दोनच माणसांना कळण्यासारखं होतं, आणि त्यातल्या दुसऱ्याने मला ते कळवलं होतं.

उत्तर मी संध्याकाळपर्यंत पाठवलं नाही. आधीच त्याच्याकडे रबरी पोशाख आहे, आई आहे, फाटकाचा आकडा आहे. त्यात हा माणूस मनानेही चांगला निघावा, हे जरा जास्तच झालं.